फळ्या काढलेला मजला

बंद पडलेल्या शाळेची घरं करायचं काम अजून अर्धंच झालं होतं, तरी पुढच्या इमारतीत तीन बिऱ्हाडं राहायला आली होती. त्यातलं एक शिवणकाम करणाऱ्या एका सुनेचं. नवरा बस चालवायचा. सकाळी लवकर जायचा तो संध्याकाळी उशिरा यायचा. दिवसभर घरात ती, तिचं मशीन आणि सासू.

सासूला सगळे बाईच म्हणत. याच शाळेत शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती. आता मात्र सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे. कधी पोटच्या मुलालाच विचारायच्या, "तुमचा कोण शिकतो इथे?" तो हसून म्हणायचा, "मीच शिकतो, पण दरवर्षी नापास होतो." सुनेला मात्र हसू यायचं नाही. दिवसभर त्यांच्या मागे तीच असायची.

हे घर घ्यायचं नवऱ्यानेच ठरवलं. एका वर्गखोलीचं एक घर, जुन्या बाकांची फडताळं, छपरावरचं पावसाचं पाणी मैदानाखालच्या टाकीत. भिंती अशा जाड की उन्हाळ्यातही पंखा नको. "शिवाय आईची पायाखालची जागा," तो म्हणाला होता. "इथे ती हरवायची नाही."

एका दुपारी सून पडद्यांना दुमड घालत बसली होती. कापड संपलं, मशीन थांबलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मघापासून मागे कुणी पुटपुटत नाहीये. तिने वळून पाहिलं. पलंग रिकामा होता. दाराची कडी तिने स्वतः लावली होती. ती आता उघडी होती.

"आई?"

न्हाणीघरात नाहीत. व्हरांड्यात नाहीत. शेजारच्या दोन्ही दारांना कुलपं, माणसं कामावर गेलेली. आवारात तिला दिसलं की टाकीचं झाकण बाजूला सरकवलेलं आहे. आतून गिलावा चालू होता आणि गवंडी जेवायला गेला होता. ती काठावर पालथी पडली आणि आत डोकावली. तळाशी काळं पाणी साचलं होतं आणि त्यात काहीतरी पांढरट, लांबट पडलं होतं.

"आई!" टाकीने तिचाच आवाज तिच्या तोंडावर फेकला.

ते चुन्याचं रिकामं पोतं होतं. हे कळायला तिला वेळ लागला. तेवढ्यात मागच्या इमारतीतून, वरच्या मजल्यावरून, खणखणीत आवाज आला.

"बोलायचं नाही! रांगेत!"

ती धावली. मागच्या इमारतीवर काम चालू होतं. जिन्याच्या तोंडाशी आडवा लावलेला पत्रा ढकलून कडेला केला होता. दोन-दोन पायऱ्या चढत ती वर आली आणि शेवटच्या पायरीवर थिजली.

वरच्या लांबलचक मजल्याच्या फळ्या काढून नेल्या होत्या. त्यांची नव्या घरांसाठी दारं व्हायची होती. उरल्या होत्या नुसत्या तुळया. खाली, पार खाली, जुन्या सभागृहाची फरशी आणि तिच्यावर रचलेल्या विटा. मधोमध गेलेल्या मोठ्या तुळईवर, हात पाठीमागे बांधून, बाई अनवाणी चालत होत्या. डोळे समोर. पायांकडे बघतच नव्हत्या. इतकी वर्षं इथे जमीन होती आणि त्यांच्या पायांना ती अजून होतीच.

"आई, थांबा!" तिच्या तोंडून किंकाळी फुटली.

बाई गर्रकन वळल्या. एक टाच तुळईवरून घसरली, हात हवेत गेला, आणि कशाबशा त्या सावरल्या.

"कोण ओरडतंय? वर्ग चालू आहेत, कळत नाही?"

मागून तिच्या दंडाला कुणीतरी धरलं. कामावरचे सुतारकाका होते, ओरडणं ऐकून जेवणावरून उठून आलेले, हात खरकटेच. "ओरडू नका, ताई," ते कानाशी म्हणाले. "जिन्यात चार फळ्या उरल्यात, त्या टाकत जातो. तोवर त्यांना जागेवरून हलू देऊ नका. काय वाट्टेल ते बोला."

काय बोलायचं? ती म्हणाली, "बाई, तिथेच थांबा हं. साहेब आलेत तपासणीला."

"आज?" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "धड्यांची टाचणं काढायची राहिलीत माझी..." त्यांचे गुडघे लटलट कापायला लागले. कापणारे पाय आणि वीतभर लाकूड. आपण भलतंच बोलून बसलो हे सुनेला कळलं.

"गेले, बाई! परत गेले साहेब," ती घाईने म्हणाली. "मला... माझा पाढा घ्या ना. सतराचा. मला येत नाही."

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. कापरं हळूहळू ओसरलं. "सरळ उभी राहा. म्हण."

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस." सुतारकाकांनी पहिली फळी आडवी टाकली, हलकेच, बाळाला निजवावं तशी. "सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक..." तिला खरोखरच आठवेना. "चौसष्ट."

"अडुसष्ट! घरी काय माश्या मारतेस? पुन्हा पहिल्यापासून."

ती पुन्हा म्हणू लागली. मुद्दाम चुकली, मग भीतीने चुकली. एकेक फळी पुढे सरकत होती. काका पोटावर सरपटत होते, घाम नाकावरून टपटपत होता. ते आता बाईंच्या दोन हातांवर आले होते.

आणि बाईंनी खाली पाहिलं.

काय झालं कोण जाणे. खालून वाऱ्याची झुळूक आली असेल, नाहीतर फळी वाजली असेल. त्यांचा ताठ चेहरा एकदम सैल पडला. बाई गेल्या आणि तिथे एक म्हातारी उभी राहिली.

"सूनबाई," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "खाली काहीच नाही गं."

सुनेने पुढचा विचार केला नाही. फळीवर पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. फळी लवली. "माझ्याकडे बघा, आई. खाली नाही. माझ्या तोंडाकडे." बाई एका बाजूला झुकू लागल्या तेव्हा काकांनी खालून त्यांचे घोटे पकडले आणि हिने वरून कंबरेला मिठी मारली. तिघंही तसेच, एकमेकांचा श्वास ऐकत, काही वेळ हललेच नाहीत. मग इंचाइंचाने मागे.

जिन्यात बसल्यावर सुनेला हुंदका फुटला. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "काय झालं, बाळ? कुणी मारलं का?"

संध्याकाळी नवऱ्याने ऐकलं आणि तो मटकन खाली बसला. "उद्याच सोडू हे घर. चूक माझी."

"जुन्या घरी त्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नव्हत्या," ती म्हणाली. "का, माहितीये? घाबरायच्या. भिंतीला धरून बसायच्या दिवसभर. इथे त्या घाबरत नाहीत."

"मग बरंच झालं म्हणायचं?"

"नाही. त्या घाबरत नाहीत म्हणून तर मला घाबरायला हवं. पण त्यांना परत त्या भिंतीशी नका नेऊ."

दुसऱ्या दिवशी रजा काढून नवरा सुतारकाकांच्या हाताखाली राबला आणि मागच्या जिन्याला भक्कम दार बसलं. टाकीच्या झाकणाला कुलूप आलं. सुनेने मशीनचं तोंड दाराकडे फिरवलं.

बाईंना त्यातलं काहीही आठवत नाही. दुपार झाली की त्या उठतात, दाराशी जातात आणि कडी चाचपतात. मग सून मशीन थांबवते, कडी काढते, त्यांचा हात आपल्या हातात घेते. दोघी व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातात. बाई निवांत चालतात, डोळे समोर ठेवून. सून प्रत्येक पावलाआधी खालची फरशी बघते.