साठ ग्रॅम टोनर

राहुरीच्या बसस्टँडमागे माझं टोनर भरायचं दुकान आहे. प्रिंटरचं कार्ट्रिज रिकामं झालं की लोक ते फेकत नाहीत, माझ्याकडे आणतात. मी ते उघडते, आतली जुनी काळी भुकटी झटकते, ड्रम पुसते आणि नवी पावडर भरते. नखं कायम काळी. ही नखं बघून दोन स्थळं परत गेली, असं आई म्हणायची. मला वाटतं, ती माझी जीभ ऐकून गेली असावीत. असो. मी फिलोमिना, चाळिशी आली, अजून तिथंच बसलेली आहे.

सगळ्या गिऱ्हाइकांना मी भाऊ म्हणते. घोडेगावच्या एका शाळेतले क्लार्क कल्याणराव, त्यांना मात्र सर म्हणायचे. भाऊ म्हणायला जीभ वळत नव्हती. शनिवारी शाळा सुटली की ते मोटारसायकलवर यायचे, स्टुलावर बसायचे आणि काम होईपर्यंत आदल्या दिवशीच्या जनावरांच्या बाजारातल्या गमती सांगायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. चहा फुंकून फुंकून प्यायचे. एवढा सावकाश चहा पिणारा माणूस एरवी मला सहन झाला नसता.

त्यांचं कार्ट्रिज तीन महिने पुरायचं. म्हणजे वर्षाचे चारच शनिवार. मग एकदा बाटलीत पावडर कमी निघाली. शंभर ग्रॅम भरायची तिथं साठच पडली. ते दोन महिन्यांच्या आतच परत आले. त्यांना दारात पाहून मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली. लाज वाटली तरी पुढच्या वेळी बाटली भरलेली असताना मी साठच ओतली. त्याच्या पुढच्या वेळीही, काट्यावर मोजून.

यंदा दिवाळीनंतर ते आलेच नाहीत. शनिवार शनिवार करत जानेवारी उलटला. फेब्रुवारीत आले, पण स्टुलावर बसले नाहीत. पिशवीत दोन रिकामी कार्ट्रिज होती. शाळेने नवा प्रिंटर घेतलाय, त्याला ही चालत नाहीत. भंगारात टाकण्यापेक्षा तुमच्या कामी येतील, म्हणाले. मग हळूहळू बाकीचं सांगितलं. पावडर एवढी लवकर संपते म्हणजे क्लार्क घरचे कागद छापतो, असा हेडमास्तरांनी ठपका ठेवला होता. संस्था त्यांची बदली पार भंडारदऱ्याकडच्या शाळेत करणार होती.

"तुमचं नाव मी येऊ दिलं न्हाई," ते म्हणाले. "तुमचं काम चोख हाय, मला ठाव हाय."

एरवी मी गिऱ्हाइकाला दोन शब्द जास्तच सुनावते; त्या दिवशी मात्र ते कागदावर उतरवले. कॉम्प्युटरसमोर बसले आणि हेडमास्तरांच्या नावे पत्र टाईप केलं. कार्ट्रिजमध्ये मी जाणूनबुजून पावडर कमी भरत होते, कल्याण सरांचा यात काही दोष नाही. छापलं, सही केली, दुकानाचा शिक्का मारला. हे बाहेर कळलं तर तालुक्यातलं एकही ऑफिस माझी पायरी चढणार नाही, हे मला माहीत होतं.

त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"का पन?"

"तुम्ही लवकर यावं म्हणून," मी म्हणाले.

बराच वेळ ते कागदाची घडी घालत राहिले. घडी काही जमेना.

"आवं, नुसता फोन केला असता, तरी आलो असतो."

पत्र खिशात घालून ते निघाले. बदली रद्द झाली, असं पुढे कानावर आलं. ते मात्र आले नाहीत. त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. दर शनिवारी दुपारी मी हात धुऊन तो काढते, आणि अजून लावलेला नाही.