पाचवा खर्डा

"थांबा गुरुजी," तानाबाई म्हणाली आणि तिनं डोक्यावरची कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी वावराच्या कडेला धुऱ्यावर टाकली.

वामनरावांनी ओळीवर बोट ठेवून मान वर केली. पहिलंच पान होतं, धड दहा ओळीही वाचून झाल्या नव्हत्या. कादंबरी त्यांची होती, पण तिच्यात मेलेला माणूस तानाबाईचा नवरा होता. सुखदेव. ज्या साली बीटीच्या कपाशीतही बोंडअळी निघाली, त्या साली वामनरावांच्याच वावरात फवारा मारताना त्याला विषबाधा झाली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला वाटलं, हे आपणच लिहायचं. लिहा म्हणावं! सहा वर्षांत चार खर्डे झाले. एकदा पाऊणशे पानं फाडली, एकदा शेवट आधी आणून पाहिला, एकदा सगळ्यांची नावं बदलली. घोडं दरवेळी शेतमालकापाशीच अडायचं. पुण्याच्या प्रकाशकानं चौथा खर्डा परत धाडताना लिहिलं होतं, 'बाकीची माणसं बोलतात, शेतमालक तेवढा पुठ्ठ्याचा वाटतो. तो पुन्हा लिहा. आणि जिची ही गोष्ट आहे, त्या बाईला एकदा वाचून दाखवा.' दुसरं काम सोपं वाटलं, म्हणून गुरुजी आधी ते करायला निघाले होते.

"काय झालं? चुकलं का काही?"

"ते उपाशी गेले, असं लिवलं तुमी. उपाशी नव्हते गेले ते. दोन भाकरी अन् अंबाडीची भाजी खाऊन गेल्ते. मीच वाढली व्हती."

अख्खी कादंबरी त्या रिकाम्या पोटावर उभी होती. सकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण, चूल पेटली नाही, उपाशीपोटी फवारायला गेला म्हणून विष भिनलं. गावातलं शेंबडं पोरही हेच सांगायचं.

"पण दवाखान्यात तूच तं म्हणाली होती..."

"मी नाही. डाक्टरनं इचारलं, सकाळी काही खाल्लं व्हतं का? मी तोंड उघडाच्या आधी तुमीच म्हनले, उपाशीच असन, घरात भांडन झालं यांच्या."

"मंग तवाच काऊन नाही बोलली?"

"खाटंपाशी त्याईचे पाय धरून बसली व्हती मी. मले कुठं सुचत व्हतं? अन् मंग सारं गावच म्हनाले लागलं. सासू मरेपर्यंत म्हने, तुनं माह्या पोराले उपाशी धाडलं." तिनं तोंडावरचा घाम पदरानं पुसला. "पोरगी बारावीले हाये गुरुजी. पुस्तक छापून निंगन तं पोरगी वाचन ते. मायनं बापाले उपाशी मारलं, असं वाचन ते."

वामनराव घरी आले. त्यांनी 'उपाशी' हा शब्द खोडला आणि पुढची तीनशे पानं पार गळपटली. पोटभर जेवून निघालेला धडधाकट माणूस मेला कशानं, हे आता लिहिणं आलं. दोन दिवस त्यांनी टाळाटाळ केली. कागद आखले, चष्मा पुसला, चहा गोड झाला म्हणून आशाबाईंवर, म्हणजे बायकोवर, खेकसले. तिसऱ्या दिवशी मात्र बसले आणि एका बैठकीत ते पान उतरलं. चारही खर्ड्यांत आपण ह्याच पानाला वळसा घालत आलो, हे त्यांना पक्कं कळत होतं. स्वतःची लाज वाटत होती, तरी हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी ते तानाबाईच्या दारी गेले. ती ओट्यावर तूर पाखडत होती. त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं.

'तो जेवून निघाला होता. दुपारी तो धुऱ्यावर आला. डोळे लाल, तोंडाला लाळ. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, वाऱ्याचं नाव नाही. म्हणाला, मालक, गरगरून राह्यलं, बंद करू का आता? मालक बाभळीच्या सावलीत बसला होता. म्हणाला, फवाऱ्याचे दोनच पंप राह्यले. तेवढे मारून घे.'

वामनराव ओळीवर बोट ठेवून थांबले. वर बघायची त्यांची छाती होईना. पाखडण्याचा आवाज बंद झाला होता.

"हाव," तानाबाई म्हणाली. "असंच म्हनले व्हते तुमी. सांजच्याले घरी आल्यावर सांगतलं व्हतं त्याईनं मले."

"तुले माहीत होतं?"

"तवापासून."

सहा वर्षं ही बाई त्यांच्या वावरात कापूस वेचायला येत होती. येताजाता गुरुजी म्हणत होती. वामनराव ओट्याच्या कडेला टेकले. कागद त्यांनी मांडीवर ठेवला.

"पुढं वाचा," ती म्हणाली.

पुढचं, दवाखान्यातलं, अजून लिहिलेलं नव्हतं.