ठिपका अक्कलकोटच्या रस्त्याला

"तू तितं जाऊन अपेक्षाला सांभाळशील, का ती पोटुशी बाई तुला सांभाळत बसंल?"

माझ्या पोटच्या पोरानं, इंद्रजीतनं, मला असं तोंडावर विचारलं. मी भाकरी थापत हुते. हातातली भाकरी तव्यावर टाकायच्या ऐवजी त्याच्या थोबाडावर टाकावी वाटली. पण पीठ वाया जातंय म्हणून गप बसले.

मी गोजरबाई. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखण्यात माझा जल्म गेला. मालक गेल्यावर इंद्रजीतनं मला जुळे सोलापुरात त्याच्या फ्लॅटवर आणली. अपेक्षा माझी धाकली. ती आन जावई मल्हार जर्मनीत असत्यात, ष्टुटगार्ट नावाच्या गावात. ते नाव घेताना तोंडात सुपारी अडकल्यागत हुतं, पण मी पाठ केलंय. मागल्या बारीला तिचं पोर पोटातच गेलं. जावई कामावर, ही घरात एकटी. तिनं मला फोन लावला, आन मी हितं फोन कानाला धरून नुसती "अगं बाई, अगं बाई" करत बसले. तिचं रडणं ऐकू येत हुतं, पण हात पोचत नव्हता. त्याच दिवशी मी ठरवलं, पुढल्या बारीला ह्या पोरीच्या उशाला मी असणार. कुणी आडवं आलं तरी असणार.

आता तिचे दिवस भरत आलेते. पासपोर्ट झालाता, व्हिसा झालाता. तिकीट तेवढं इंद्रजीत काढत नव्हता.

"आई, विमानतळावर मल्हार न्यायला यील, ते खरंय," त्यो म्हणला. "पण दिवसभर त्यो कामावर. तिला कळा सुटल्या, औषध आणायचं झालं, दवाखाना गाठायचा झाला, तर तू काय करणार? रस्त्यात उभी राहून 'ओ दादा' म्हणणार? तितल्या दादाला मराठी येतंय व्हय?"

बोलला ते लई लागलं, पण खोटं नव्हतं. आमी माळावरची माणसं वाट इचारतच जाणार. इचारलं की पाणी मिळतंय, च्या मिळतोय, चार गोष्टी केल्या की कुणाची तरी सोयरीक निघती. न इचारता चालायची सवयच न्हाय आमाला.

"मग शिकव की," मी म्हणले. "फोनात नकाशा असतोय न्हवं? तू दूधवाल्याच्या घरी जाताना बी त्यो लावतोस."

त्यो हसला. ते हसणं मी मनात ठिवलं.

शिकले बाबा. निळा ठिपका म्हंजे मी. ठिपक्याम्होरं उजेडाचं पंख असतंय, ते जिकडं तिकडं माझं तोंड. चालणाऱ्या माणसाचं चित्र दाबलं तर पायवाट, गाडीचं दाबलं तर सडक. फोनातली बाई इंग्रजीत बोलायची. लेफ्ट म्हंजे गोंदणाचा हात, राईट म्हंजे जेवायचा. एवढं कळलं की झालं. रोज भाजीला जाताना मी तिला संगट न्यायचे. मी कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करत थांबले की ही मागनं "टर्न लेफ्ट, टर्न लेफ्ट" करून जीव खायची. एकदा मी वरडलेच, "थांब की गं भवाने, मिरच्या घ्यायच्या न्हाईत व्हय?" भाजीवाली माझ्याकडं बघतच राहिली.

सारखी मागं लागले तवा इंद्रजीतनं परीक्षा लावली.

"गुरुशांतच्या घरी यायचं," त्यो म्हणला. गुरुशांत त्याचा दोस्त, तिकडं पूर्व भागात राहतोय. मी तिकडं कधी पाय ठिवला नव्हता. "समज हे सोलापूर न्हाय, जर्मनी हाय. रिक्षा कर न्हायतर चालत ये, पण मराठीचा एक शब्द काढायचा न्हाय. मी तितं बसून माझ्या फोनात तुझा ठिपका बघत राहतो. पोचलीस तर आजच तिकीट. न्हाय पोचलीस तर पुन्ना विषय काढायचा न्हाय."

"न्हाय काढणार," मी म्हणले. "आन तू बी शब्द फिरवायचा न्हाय."

त्या जागेचा आभाळातनं काढलेला फोटू मी फोनात आधीच बघून बघून डोळं फोडून घेतलंतं. गल्ल्या सगळ्या सारख्याच, पत्र्याला पत्रा लागलेला. पण गुरुशांतच्या घराला चिकटून एक गोल काळं दिसत हुतं. विहीर! मेंढरांना पाणी पाजण्यात जल्म गेला, मला विहीर कळणार न्हाय व्हय? वरनं बघू द्या न्हायतर खालनं.

आता माझी चूक सांगते. परीक्षा असली तरी जायचं हुतं कुणाच्या तरी घरी. रिकाम्या हातानं कसं जाणार? मी कडक भाकऱ्या बांधून घेतल्या, शेंगाच्या चटणीचा डबा भरला, गुरुशांतच्या लेकरांसाठी राजगिऱ्याचं लाडू घेतलं. दोन पिशव्या झाल्या, दोन्ही हात भरले. फोन कसाबसा बोटात.

रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला फोन दावला आन गप बसले. त्यो बोलायला लागला, मी गप. दोनदा इचारलं, मी मान हलवली. त्यो मनाशीच म्हणला, "मुकी हाय बिचारी," आन माया वाटून त्यानं फोन माझ्या हातातनं घेतला आन हँडलजवळच्या स्टँडला लावला. मला बी बरं वाटलं. भाकऱ्या मांडीवर नीट धरता आल्या.

नवी पेठेतनं निघेपतोर गर्दीनं जीव नको केला. पुढं रस्ता मोकळा झाला, मग यंत्रमागांची खडखड ऐकू यायला लागली. एका बोळाच्या तोंडाला त्यानं रिक्षा थांबवली. आत गाडी जात न्हाय, असं हातानं दावलं. मी पैसं दिलं, पिशव्या उचलल्या, उतरले. त्याला लगेच दुसरं भाडं लागलं आन रिक्षा गेली बी.

तवा ध्येनात आलं. फोन स्टँडलाच!

"अगं आई गं!" तोंडातनं निघणारच हुतं, पण म्या ओठ गच्च मिटले. मराठीचा शब्द काढायचा न्हाय. मनात आलं, संपलं गोजरे. आता तुझी अपेक्षा तितं एकटीच कळा देणार. डोळं भरून आलं. मग माझाच मला राग आला. जर्मनीत फोन हरवला असता तर काय मी फुटपाथवर बसून रडले असते? तितं पोरगी वाट बघत असती. रडायचं नंतर, आदी विहीर शोधायची.

बोळात शिरले. एका उंबऱ्यावर एक म्हातारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलीती. मला बघून ती तेलुगूत म्हणली, "एवरु कावाली?" मी गप. मग ती मराठीत म्हणली, "कोण पायजे बाई?"

काय सांगू तुमाला! एक शब्द बोलले असते तर काम झालं असतं. "गुरुशांत", बास. जीभ अगदी दातापतोर आली. पण शब्द दिलाता पोराला. आन मला खरंच बघायचं हुतं, मुक्यानं जमतंय का न्हाय.

मी पिशव्या खाली ठिवल्या, उकिडवी बसले आन काडीनं मातीत नकाशा काढला. हा मोठा रस्ता, हा बोळ, हितं वळण, हे गोल. गोलाजवळ घर काढलं आन घरावर बोट ठिवलं. म्हातारीनं वाकून बघितलं. काय बी कळंना तिला. मी गोलातनं पाणी शेंदल्यागत दोन्ही हात ओढले. एकदा, दोनदा. मग तिचा चेहरा उजळला.

"बावी!" ती म्हणली. "विहीर! जाळी टाकलेली विहीर!"

मी जोरजोरात मान हलवली. तिनं विड्यांचं सूप आत ठिवलं, माझा हात धरला आन "अय्यो, पापम्, बिचारी गं" करत निघाली. एक पिशवी तिनंच घेतली. वाटंत जी बाई भेटंल तिला सांगत हुती की मी मुकी हाय, कुणाची तरी आई हाय, पोरांनी एकटी सोडली हाय. मला हसू बी येत हुतं आन रडू बी. तिचं नाव सुंदरम्मा. तिनं मला पार गुरुशांतच्या दारात नेऊन सोडली.

दारात गुरुशांत उभा, तोंड उतरलेलं. मला बघून त्यो जागचा उडालाच.

"मावशी! तुमी हितं? आन इंद्रजीत तर तुमच्या मागं गेला की!"

"कुटं गेला?" मी म्हणले. पोचले हुते, आता बोलायला मोकळी.

मागनं सुंदरम्मा किंचाळली, "अय्यो! ही तर बोलतीय!"

तिला आत बसवली, लाडू हातात दिला आन सगळं सांगितलं. ती इतकी हसली की डोळ्यातनं पाणी आलं. गुरुशांतनं मग त्याची बाजू सांगितली. दोघं फोनात माझा ठिपका बघत बसलेते. ठिपका बोळाजवळ आला, थांबला, आन भर्रकन अक्कलकोटच्या रस्त्याला लागला. कुंभारी बी मागं टाकली. इंद्रजीतनं मला फोन लावला, कुणी उचलंना. त्याला वाटलं, कुणी तरी आईला पळवून न्हेली. तसाच गाडीला किक मारून त्यो पळाला. आता गुरुशांत त्याला फोन लावत हुता, तर गाडीवर त्याला ऐकू येईना.

लई येळानं इंद्रजीत परतला. हातात माझा फोन. केस धुळीनं पांढरं, डोळं लाल. मी च्या पीत हुते. त्यो दारात उभा राहून बघतच राहिला.

"रिक्षावाला म्हणला, मुकी बाई व्हय, तिला कवाच सोडली," त्यो कसाबसा बोलला. आन मग आवाज चढला. "फोन सोडून उतरलीस! नापास! तिकीट-बिकीट काय न्हाय!"

मी कप खाली ठिवला.

"फोन हरवला इंद्रा, आई न्हाय हरवली. तुझ्या आधी पोचले मी. एक शब्द न बोलता. इचार ह्या सुंदरम्माला."

"एक शब्द बी न्हाय," सुंदरम्मा म्हणली. "जमिनीवर रांगोळी काढली हिनं."

"हितं सुंदरम्मा भेटली," इंद्रजीत म्हणला. " तितं कोण भेटणार हाय?"

"तितल्या बायका काय दगडाच्या असत्यात व्हय रं?"

त्यो भिंतीला टेकून खाली बसला आन एवढा बाप्या माणूस तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. "त्यो ठिपका लांब लांब जात हुता," त्यो म्हणला. "मी मागं पळत हुतो, आन तुझ्यापतोर पोचत नव्हतो. आई, तू तिकडं हरवलीस तर मी काय करू?"

माझा राग तितंच विरला. हे पोर मला अडाणी समजत नव्हतं, भ्यालं हुतं. बाप गेलाय, आता मी बी गेले तर, म्हणून भ्यालं हुतं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"आज तुला घटकाभर झालं ना, ते मला मागल्या साली झालंय," मी म्हणले. "अपेक्षा फोनात रडत हुती आन मी पोचत नव्हते. अजून बी झोपंत तेच ऐकू येतंय. मला जाऊ दे बाबा. आन न्हाय म्हणलास तरी मी जाणारच हाय."

त्यानं नाक पुसलं. गुरुशांतच्या घरातच बसून तिकीट काढलं.

जायच्या आधी मी गावाकडनं लोकर मागवली आन चांगला जाड दोरा वळला. फोन त्यात अडकवून गळ्यात बांधला. हात भरले तरी आता फोन गळ्यातनं सुटायचा न्हाय.

ष्टुटगार्टला पोचून थोडेच दिवस झालेते. सकाळी जावई कामावर गेला आन अपेक्षाला अचानक कळा सुटल्या. तिनंच फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. गाडीत मला जागा न्हाय, असं त्या माणसानं हातानं दावलं. अपेक्षा माझा पदर सोडंना. "आई, मागल्यागत झालं तर?" ती म्हणली. "न्हाय हुत," मी म्हणले. "तू हो म्होरं. तुझ्या मागनं आलेच मी." दार लागलं, गाडी गेली.

बाळाच्या कपड्यांची पिशवी एका हातात, घराची किल्ली दुसऱ्यात. गळ्यात फोन. दवाखान्याचं नाव अपेक्षानं आधीच त्यात घालून ठिवलंतं. चालणाऱ्या माणसाचं चित्र दाबलं आन निघाले. गोंदणाच्या हाताला, मग जेवायच्या हाताला. गार वारं असं की कान गळून पडावं. एकदा चुकले, पंखाकडं बघितलं, माघारी फिरले. एका गोऱ्या म्हातारीला फोनातलं नाव दावलं, तिनं म्होरची मोठी काचंची इमारत दावली. आत काउंटरवर "अपेक्षा" म्हणले आन पोटावरनं हात फिरवला. पांढऱ्या कपड्यातली बाई हसली आन तिनं माझा हात धरला. सुंदरम्मानं धरलाता, अगदी तसाच.

अपेक्षानं मला बघितलं आन नुसती माझी बोटं गच्च धरली. मी तिच्या उशालाच उभी राहिले. पोरगी झाली. अशी वरडली, अशी वरडली, की माझ्या कानातलं ते जुनं रडणं पार धुऊन निघालं.

नात मांडीवर घेऊन बसले तवा गळ्यातला फोन वाजला. सोलापुरातनं इंद्रजीत, दिवसभर ठिपक्यावर डोळं लावून बसलेला.

"आई, कवाधरनं बघतोय, तुझा ठिपका जागचा हालंना. कुटं अडकलीस? हरवलीस का?"

"हालत न्हाय, कारण पोचले," मी म्हणले, आन फोन नातीच्या तोंडाजवळ धरला. "ऐक."