एकच बटण

बसप्रवाशांच्या त्या वेबसाइटवर सुरुवातीला अकरा बटणं होती. डिझायनरने दोन वर्षं खपून त्यातली दहा काढून टाकली. "कुठे जायचंय हे प्रवाशाला विचारायचं कशाला? आपल्याला माहीत असतं," असं तो मीटिंगमध्ये म्हणे आणि माना डोलत. वेळ, जागा आणि माणसाची सवय पाहून वेबसाइट एकच बटण दाखवी. संध्याकाळचं बटण होतं 'घरी चला'.

त्याच्या वडिलांना ते फार मानवलं. वर्षभरात त्यांना रस्ते आठवेनासे झाले होते. बसचे नंबर तर केव्हाच गेले होते. तरी ते रोज दुपारी वाचनालयात जात आणि बटण दाबून परतत. फोन सांगेल तिथे चढायचं, सांगेल तिथे उतरायचं, मग बाणामागून पावलं मोजत दारापर्यंत.

ऑफिसात चाचणीसाठी घरच्यांचीच खाती वापरत. खोट्या प्रवाशांना सवयी नसतात, असं कारण होतं. त्या दिवशी सव्वासहाला चाचणीवाली बाई पर्स आवरत म्हणाली, "तुमचे बाबा फार गुणी हो. दुपारी त्यांच्या खात्यावर तीन महिन्यांचा रोजचा प्रवास कॉम्प्युटरवर तासाभरात पळवला. एकदासुद्धा अडकला नाही."

"कुठला प्रवास?"

"शेवटच्या थांब्याचा. ती बंद पडलेली दगडाची खाण नाही का? टोकाला चाललं की सगळीकडे चालतं."

"आणि घराची खूण?"

"नकाशावर मोकळं दिसलं तिथे ठेवली. खाणीच्या मधोमध."

"नंतर पुसलंत ना सगळं?"

बाईचा हात पर्सच्या चेनवर थांबला. "पुसायचं तुमच्याकडे असतं ना?"

त्याने फोन लावला. बाबांनी लगेच उचलला. मागे वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

"अरे, आत्ताच उतरलो. आज बस जरा लांबून आली."

"बाबा, आहात तिथेच उभे राहा. फोनचं ऐकू नका."

"मग कुणाचं ऐकू?" बाबा हसले. "तूच केलंयस ना हे? घर ऐंशी पावलांवर आहे म्हणतोय."

"ते आपलं घर नाही!"

"असं कसं? नव्वद वेळा आलोय म्हणून लिहिलंय इथे. मला गल्ली ओळखू येत नाहीये, पण ते माझं नेहमीचंच. मी विसरतो, हा विसरत नाही. आता मध्ये बोलू नकोस रे, मोजणं चुकतं."

डिझायनरने धावत जाऊन कॉम्प्युटरवर वडिलांचं खातं उघडलं. स्क्रीनवर एकच बटण होतं. 'हे माझं घर नाही' हे बटण त्याने पहिल्याच महिन्यात काढलं होतं. कुणी दाबतच नव्हतं.

"बाबा! ऐका माझं!"

"एकाहत्तर, बहात्तर," फोनमधून शांतपणे येत होतं. "जरा उतार लागलाय रे. त्र्याहत्तर."