टाळ्यांची जागा

फिल्मवरच्या दोन चित्रांच्या मधे एक बारीक रेघ असते. केसापेक्षा थोडी जाड. पडद्यावर ती कधीच दिसत नाही, आणि माझे सगळे आयुष्य तिच्यावरच गेले.

मित्रांनो, मी एक जुना स्प्लायसर आहे. फिल्म कापायची आणि कापलेली टोके जोडायची, हे माझे काम. एका बाजूला पाते, फिल्मची भोके अडकवायला दोन खुंट्या आणि वरून दाबायची झडप, एवढाच माझा देह. मी जिथे घडलो त्या कारखान्यात पूर्वी तराजू बनत. म्हणूनच की काय, मला बारीक फरक चटकन कळतो.

फिल्म जोडताना एका टोकाचा थर खरवडून गोंद लावावा लागतो. त्यात प्रत्येक सांध्याला एक चित्र खर्ची पडते. सरावाच्या प्रतीवर चूक झाली तर दुसरी प्रत काढता येते. मूळ फिल्मवर झाली, तर गेले ते गेलेच. म्हणून मूळ फिल्म माझ्यात अडकवली की खोलीत कोणी शिंकतही नसे.

माझी मालकीण संकलक होती. सगळे तिला ताई म्हणत आणि ती मला न्हावीबुवा म्हणे. "चला न्हावीबुवा, गिऱ्हाईक आलं," असे म्हणत ती माझे पाते पुसायची. माझा सांधा ओळखून दाखवा, अशी ती पैज लावायची आणि जिंकायची.

आता मी एका कपाटाच्या तळाशी पडलो आहे. मधे कोणीतरी माझ्यावर पुठ्ठे कापले. मित्रांनो, जुने अवजार वापरत नसाल तरी कोरड्या फडक्याने पुसत जा. गंज चढायला वेळ लागत नाही. तो लोखंडाला चढतो, तसा अडवून ठेवलेल्या शब्दालाही चढतो. ते मी एकदा जवळून पाहिले.

एका गाजलेल्या संगीत नाटकाचा चित्रपट होत होता. नाटकात वर्षानुवर्षे गाणारी नायिका, माई, चित्रपटातही तीच होती. दिग्दर्शक तिचा मुलगा. माईने त्याचे सगळे ऐकले. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज तिने शेजारच्या खुर्चीपर्यंत आणला. हातवारे आवरले. एकच सवय सुटली नाही. गाणे संपले की ती हात किंचित उचलून समोर पाहत थांबे. नाटकात तिथे टाळ्या पडत आणि 'वन्स मोअर' येई.

चित्रीकरणातही ती थांबली. सुतार, दिवेवाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगाही त्यांच्यातच होता. त्या भरात तो 'कट' म्हणायला विसरला. माईचा गळा तेव्हाच थकला होता. ती पुन्हा रंगमंचावर गाणार नव्हती. घरी जाताना ती मुलाला म्हणाली, "काय हवं ते काप, पण माझी ती टाळ्यांची जागा ठेव." त्याने हो म्हटले.

कथेत मात्र ती खोलीत एकटीच होती. म्हणून आवाजातून टाळ्या काढाव्या लागल्या. मग उरली ती नुसती थांबलेली माई. पहिल्या चाचणी खेळाला लोक तिथे हसले.

मुलाने हे माईला सांगितले नाही. ताई रोज विचारी, "अरे, बोललास का?" तो म्हणे, "उद्या बोलतो." सेट मोडून झाला होता, पुन्हा चित्रण शक्य नव्हते. अखेर मूळ फिल्म कापायचा दिवस उजाडला. बाहेर प्रती काढणाऱ्या रसायनशाळेचा माणूस फिल्मचा डबा न्यायला बसून होता. ताईने फिल्म माझ्या खुंट्यांवर बसवली, तोच दार उघडले. माई आली होती.

"माझी जागा दाखव गं," ती ताईला म्हणाली.

मुलगा उठला. "आई, आधी चहा घे."

"चहा घरीही मिळतो."

ताईने सरावाची प्रत संकलनाच्या मशीनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर लावली. गाणे संपले. छोटी माई हात उचलून थांबली. मशीनची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. माझ्या पात्याखाली तीच माई होती, मूळ फिल्मवरची.

"टाळ्या कुठायत?" माईने विचारले.

मुलगा माझ्या झडपेशी चाळा करू लागला.

"लोकांनी काय केलं इथे? ताई, तू सांग."

ताईने मुलाकडे पाहिले. "हसले, माई."

माईने चष्मा काढला, काचा पदराला पुसल्या, पुन्हा लावला. "पुन्हा दाखव," ती म्हणाली. आणि मग, स्वतःशीच, "हा घ्या वन्स मोअर."

दुसऱ्यांदा तिने शेवटपर्यंत पाहिले. मुलाचे बोट माझ्या झडपेवर होते. त्याचा घाम मला जाणवत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग?"

"शब्द दिला होता. तू वाईट मानशील म्हणून..."

"इतकी वर्षं समोरचा वाक्य विसरला की मीच सांभाळून घेत आले," माई म्हणाली. "आज नाही घेणार. दिग्दर्शक तू आहेस. वाक्य तुझं आहे, तूच बोल."

ती वाट पाहत थांबली, अगदी पडद्यावर थांबली होती तशीच. बाहेरचा माणूस खोकला. ताईने माझ्या पात्याच्या मुठीवर हात ठेवला.

मुलाने आईच्या डोळ्यांत पाहिले. "आई, तुझा सूर संपतो तिथेच कापायचं."