पुढची आणि मागची

तीस किलोमीटर पळायचं म्हणजे वीस पायांनी आणि उरलेले दहा हट्टाने, असं ताई म्हणत. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जावा-जावा म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच. आमचंही लागलं, पण दोघी मिळून पळायला लागल्यावर भांडायला दम उरला नाही. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, पळण्यातलं मला काय कळतंय? वेग, पाणी, बूट, सगळं त्यांच्या हुकमाने चालायचं. घरात त्यांना फौजदार म्हणायचे ते उगाच नाही. मॅरेथॉनला दोघींची नावं त्यांनीच परस्पर घातली होती. मग त्यांच्या मणक्यात गाठ निघाली आणि पाय गेले.

त्या रविवारी त्या दोन दिवसांपासून निपचित पडून होत्या. डॉक्टर थोरल्या दिरांशी खोलीबाहेर जाऊन हळू आवाजात बोलले होते. मी पळायला जाणारच नव्हते. दीरच म्हणाले, जा तू, तिला जाग आली आणि तू घरात दिसलीस तर माझं काही खरं नाही. निघताना मी ताईंच्या पायांना हात लावून पाहिला. गार होते.

बाहेर उजाडलं होतं, पण धुकं इतकं, की कालव्याच्या रस्त्यावर पुढचा खांबही दिसेना. पाय पहिल्यापासूनच जड होते. पंपहाऊसपाशी नवा वॉचमन पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यावर उभा होता.

"घ्या," तो म्हणाला. "पुढे गेलेल्या बाईंनी बजावलंय. मागून एक येतेय, तिला पाणी पाजा, ती विसरते."

कोण बाई, ते त्याला माहीत नव्हतं. चाळिशीच्या पुढच्या, पाय ओढत ओढत गेल्या बिचाऱ्या, एवढंच त्याने सांगितलं. मी पाणी प्यायले. मी प्यायला विसरते हे खरं, पण ते घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. ओळखीच्या कोणीतरी चेष्टा केली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. ती काही नीट पटली नाही.

रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. फाटकवाला आपणहून म्हणाला, की तुमची जोडीदारीण फाटक पडायच्या आत निघून गेली. लंगडत होती का, असं मी विचारलं. छे, चांगली पळत होती, म्हणाला. फक्त उजवा खांदा जरा खाली, हातात जड पिशवी असल्यासारखा.

ताईंचा खांदा तसाच आहे. शाळेत शिकवायच्या तेव्हा तपासायच्या वह्यांचं ओझं वाहून वाहून झालेला. मी तिथूनच घरी फोन लावला. दिरांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"श्वास चालू आहे गं. पण एक सोडला की दुसरा घ्यायला फार वेळ लावतेय."

परत येऊ का, विचारलं, तोवर त्यांनी फोन ठेवला होता. मी घराकडे तोंड करून उभी राहिले. पण घरी जाऊन मी धरणार कोणाला होते? त्या तर पुढे होत्या. गाडी गेली, फाटक वर झालं आणि मी सुटले.

तशी मी जन्मात पळाले नव्हते. पोटऱ्यांत गोळे येत होते, घशाला कोरड पडली होती, डाव्या बुटात काहीतरी ओलं लागत होतं, ते घाम की रक्त हे बघायलाही थांबले नाही. गाठायचं आणि हाताला धरून घरी आणायचं, एवढंच डोक्यात होतं. मग धुक्यातून पुढची पावलं ऐकू आली, हलकी आणि अगदी एका लयीत. मी हाका मारल्या. पावलं आणखी भरभर पडू लागली.

रोपवाटिकेच्या दाराशी एक बाई नळीने पाणी घालत होती. नळी तशीच वाहती ठेवून ती रस्त्याकडे बघत राहिली होती.

"तुझी बहीण का गं ती? काय पळते. पायात काही नाही, आणि आपली हसतेय."

"केवढी असेल?" मी विचारलं.

"असेल की विशीची."

विशीतल्या ताई मी कधी पाहिल्याच नव्हत्या. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त रडू आलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचा एक नियम होता, अर्थात फौजदारांनीच केलेला. पुढचीने मागचीला ओढायचं. मागची जवळ आली की पुढचीने वेग वाढवायचा. पण मागची खाली बसली, तर पुढचीने परत यायचं आणि तिला उठवायचं. टाकून जायचं नाही. म्हणजे इतका वेळ जिवाच्या आकांताने पळून मीच त्यांना पुढे हाकलत होते.

मी रस्त्यात मधोमध बसले. पाय उठून पळ म्हणत होते. पुढची पावलं थांबली. बराच वेळ कसलाच आवाज नव्हता. मग ती परत येऊ लागली, आधी हलकी, मग जड, मग एक पाय घासत. माझ्या समोर येऊन थांबली. मी मान वर केली नाही. मलमाचा वास आला, त्यांच्या पाठीला रोज मीच लावते त्या मलमाचा. कोणीतरी मोठा सुस्कारा टाकला आणि पावलं मला वळसा घालून घराच्या दिशेने गेली.

फोन वाजला. दीर रडत होते. ताईंनी डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं.

मी एका टेम्पोवाल्याला हात केला आणि घर गाठलं. दिरांनी मला खोलीत ढकललं आणि ते बाहेर गेले. ताईंचा चेहरा दुखण्याने पिळवटलेला होता. त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"बसलीस ना?"

"हो."

"पाय दुखत नव्हते गं," त्या म्हणाल्या. "काहीच दुखत नव्हतं."

मी त्यांचा हात धरून ठेवला. त्यांनी डोळे मिटले, दुखणं थोडं ओसरू दिलं आणि विचारलं, पुन्हा लांबचं पळायचं कधी आहे. येत्या रविवारी, मी सांगितलं.

"बसू नकोस."

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि मग हो म्हटलं. बाहेर दीर एकामागून एक फोन लावून सगळ्यांना सांगत होते, की धोका टळला.