कॉलर होईपर्यंत

मौनीबाबाच्या सिनेमांवरून त्या घरात सरळ दोन तट पडले होते. दिग्दर्शकाचं हे नाव दादानं पाडलेलं. त्याच्या सिनेमात माणसं फारशी बोलत नाहीत, रडत नाहीत, भुवईसुद्धा उडवत नाहीत. दादा म्हणजे रंगभूमीवरचा मुरलेला नट. शेवटच्या रांगेपर्यंत हुंदका पोचला पाहिजे, असा त्याचा खाक्या.

"ह्यांच्यापेक्षा आपलं कपाट बरं, निदान करकरतं तरी," तो म्हणायचा.

वहिनी मात्र मौनीबाबावर फिदा. "तुमच्या नाटकात सगळं रडून तुम्हीच घेता. आम्ही प्रेक्षकांनी काय करायचं?" असं ती ऐकवायची, आणि ताटातलं गार व्हायचं.

दादाची धाकटी बहीण ह्या भांडणात कधी पडली नाही. ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची. लहानपणी मलाही नाटकात घे म्हणून ती दादाच्या मागे लागली होती, तेव्हा त्यानं तोंडावर सांगितलं होतं, "तुझ्या चेहऱ्यावर काही उमटतच नाही गं." ते तिला फार लागलं होतं. आणि तोच चेहरा बघून मौनीबाबा, शर्ट टाकायला आलेला, लॉन्ड्रीत खिळून उभा राहिला. "माझ्या सिनेमात इस्त्री कराल का?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली, आणि दादानं कपाळावर हात मारून घेतला.

मौनीबाबाची रीतही तऱ्हेवाईक. खरी इस्त्री, खरा चुरगळलेला शर्ट, आणि एकच ताकीद: सिनेमातला नवरा काहीही बोलो, कॉलर होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही. शूटिंगला कॉलर झाली. पण अर्धा शर्ट टाकून बोलायचं, हे लॉन्ड्रीतल्या बाईला कसं जमावं? तिनं अख्खा शर्ट केला. मौनीबाबानं कॅमेरा थांबवला नाही.

पहिल्या खेळाला तिघं एका रांगेत बसले. बाकीच्यांनी नाकं मुरडली असती तरी तिनं सोसलं असतं. दादा काय म्हणेल, ह्याची मात्र तिला धास्ती होती.

पडद्यावर नवरा म्हणाला, "मी तुला सोडून चाललोय." ती कॉलर करत राहिली. मग पाठ, मग बाही. कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या बाहीला अख्खं थिएटर हसू लागलं. झालं, आपली शोभा झाली, असं वाटून धाकटीनं मान खाली घातली.

शेजारी दादा ताडकन उठला. "हसता काय?" तो गरजला. "नवरा चाललाय आणि ही बाई एक सुरकुती सोडत नाहीये! हात बघा तिचे! जन्मभर नाटकं केली, मला नाही हे जमलं!"

"अहो काका, खाली बसा!" मागून चारपाच जण एकदम ओरडले. "बाई दिसत नाहीयेत आम्हाला!"

दादा मटकन बसला. पडद्यावर तिनं शर्टाची घडी घातली, नवऱ्यापुढे धरली आणि म्हणाली, "हा घालून जा. अंगातला चुरगळलाय." टाळ्यांनी थिएटर दणाणलं. मौनीबाबाच्या सिनेमात म्हणे असं पहिल्यांदाच घडत होतं.

धाकटीनं भीत भीत दादाकडे पाहिलं. प्रेक्षकांनी गप्प बसवलेला तिचा भाऊ मान उंच करून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होता.